दही, तूप आणि परळची इमारत : 'इम्युनिटी बूस्ट' करण्याची सव्वाशे वर्षं



२०२० चा एप्रिल आठवून बघा. थाळ्या वाजवून झाल्या होत्या, दिवे लावून झाले होते, आणि घरोघरी गॅसवर एक पातेलं चढलेलं होतं. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका. आयुष मंत्रालयाने सुचवलेला काढा. सोबत रोज सकाळी १० ग्रॅम च्यवनप्राश आणि हळद घातलेलं दूध. पुढच्या दोन-तीन महिन्यांत बाजारात जे दिसेल त्याच्यावर 'इम्युनिटी बूस्टर' असा शिक्का बसला, अगदी आइस्क्रीमवरसुद्धा.

काढ्याशी माझं भांडण नाही, आधीच सांगतो. घसा खवखवत असेल तर मीही पितो, बरं वाटतं. मला प्रश्न पडला तो वेगळाच. खाण्यापिण्याने प्रतिकारशक्ती वाढते असं आपण अगदी सहज म्हणतो. पण ही कल्पना आधुनिक विज्ञानात आली कुठून? त्यातलं किती खरं निघालं, किती हवेत विरलं? शोधायला बसलो तर गोष्ट सुरू झाली इटलीतल्या एका बंदरात, आणि फिरत फिरत येऊन थांबली आपल्या परळला. म्हटलं, यावर एपिसोड व्हायलाच पाहिजे.

तर साल १८८२. सिसिली बेटावरचं मेसिना. इल्या मेचनिकोव्ह नावाचा ३७ वर्षांचा प्राणिशास्त्रज्ञ ओडेसा विद्यापीठातली नोकरी सोडून बायको आणि तिच्या भावंडांसोबत इथे येऊन राहिलाय. जन्म खारकीवजवळचा, म्हणजे आजच्या युक्रेनमधला. आजारपण त्याने फार जवळून पाहिलेलं. पहिली बायको ल्युदमिला क्षयाची पेशंट. लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं होतं, इतकी ती अशक्त. १८७३ मध्ये ती गेली. दुसरी बायको ओल्गा टायफॉइडमधून कशीबशी वाचली. त्यामुळे 'कोण वाचतं, कोण नाही, आणि का?' हा त्याच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता.

एके दिवशी घरचे सगळे सर्कशीतली माकडं बघायला गेले. हा मागे राहिला, मायक्रोस्कोपला डोळा लावून. समोर तारामाशाच्या अळ्या. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात, आत काय चाललंय ते सरळ दिसतं. त्याला दिसल्या इकडून तिकडे फिरणाऱ्या काही पेशी. आणि डोक्यात आलं, या फिरतायत कशाला? पहारा देतायत की काय? तो उठला, बागेत गेला, गुलाबाचे बारीक काटे तोडून आणले आणि अळ्यांच्या अंगात टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडलेला.

आपल्या पायात काटा रुतला आणि निघाला नाही की दोन दिवसांनी तिथे पू होतो ना, प्रकार तोच. पू म्हणजे बऱ्याच अंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशीच. मेचनिकोव्हच्या या शोधामुळे पेशींना नाव मिळालं फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी. जंतू दिसला की त्याला गिळून टाकणाऱ्या. आपलं शरीर नुसतं आजार सोसत नाही, ते उलट लढतं, ही कल्पना तेव्हा इतकी नवीन होती की पुढची कित्येक वर्षं तिच्यावर वाद चालला. शेवटी १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं, तेही पॉल एर्लिखबरोबर विभागून. एर्लिख विरुद्ध गोटातला, म्हणजे लढाई पेशी नाही तर रक्तातली द्रव्यं लढतात असं मानणारा. दोघंही बरोबर होते हे नंतर कळलं.

आता इथे गोष्टीला फाटा फुटतो. ओडेसात मेचनिकोव्हच्या हाताखाली एक ज्यू मुलगा शिकला होता, वाल्डेमार हाफकिन. गुरू १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला, आणि पुढच्या वर्षी शिष्यही तिथे पोहोचला. पण शिष्याला जागा मिळाली ती सहायक ग्रंथपालाची! दिवसा पुस्तकं, उरलेल्या वेळात प्रयोगशाळा. साइड प्रोजेक्टवाल्यांनो, नोंद घ्या.

आधी गुरूची गोष्ट संपवू.

मेचनिकोव्ह साठीकडे झुकला तसा त्याला म्हातारपणाचा प्रश्न छळायला लागला. त्याचं उत्तर असं होतं : आपल्या मोठ्या आतड्यात अन्न सडवणारे जंतू राहतात, ते विष तयार करतात, ते विष शरीरभर पसरतं आणि आपण म्हातारे होतो. मग उपाय काय? बल्गेरियात खूप म्हातारी माणसं भरपूर आंबट दही खाताना दिसतात असं त्याच्या कानावर आलं होतं. दह्यातले जंतू आम्ल तयार करतात, आम्लात सडवणारे जंतू टिकत नाहीत. झालं, दोन आणि दोन चार. १९०४ मध्ये पॅरिसमध्ये त्याने वार्धक्यावर जाहीर व्याख्यान दिलं आणि युरोपात दह्याची लाट आली. कंपन्या दह्याच्या गोळ्या, पावडरी विकायला लागल्या. लंडनमध्ये विल्यम आर्बथनॉट लेन नावाचा सर्जन तर लोकांची मोठी आतडीच कापून काढत होता, हेच विषाचं कारण देऊन. पुढे १९१९ मध्ये बार्सिलोनात एका माणसाने दह्याचा धंदा सुरू केला, तेव्हा ते दही सुरुवातीला औषधाच्या दुकानात विकलं जायचं. त्या धंद्याचं नाव दानोन.

बघा म्हणजे, ज्याने प्रतिकारशक्तीच्या पेशी शोधल्या, त्याच माणसाच्या नावावर 'हे खा आणि निरोगी राहा' अशी एक मोठी लाट उभी राहिली. नोबेल विजेता सांगतोय म्हटल्यावर कोण विचारणार? आपल्या फॅमिली ग्रुपवर 'मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणून येणारे मेसेज आठवले की नाही?

तो स्वतः रोज आंबवलेलं दूध प्यायचा, कच्चं काही खायचा नाही. १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी गेला. त्या काळाच्या मानाने वाईट नाही, पण त्याने माणसाला जेवढं आयुष्य शक्य आहे म्हटलं होतं त्याच्या जवळपासही नाही. १९२० च्या दशकात येल विद्यापीठातल्या लिओ रेटगरने दाखवून दिलं की बल्गेरियन दह्यातला तो जंतू माणसाच्या आतड्यात मुक्कामच ठोकत नाही. येतो, जातो.

मग दही फुकट का? अजिबात नाही. २०२१ मध्ये स्टॅनफर्डने एक प्रयोग केला : ३६ निरोगी माणसं, १० आठवडे. एका गटाला भरपूर तंतुमय अन्न, दुसऱ्या गटाला दही, केफिर, किमचीसारखे आंबवलेले पदार्थ. दुसऱ्या गटाच्या आतड्यातल्या जंतूंचे प्रकार वाढले, आणि रक्तातली सूज दाखवणारी १९ प्रोटीन्स कमी झाली. 'कमी' या शब्दावर थांबा जरा. प्रतिकारयंत्रणा इथे जोरात पळायला लागली नाही, ती शांत झाली. सतत पेटलेली प्रतिकारशक्ती ही चांगली बातमी नसते. संधिवाताचे काही प्रकार, ॲलर्जी, लूपस, हे सगळे त्या यंत्रणेच्या अतिउत्साहाचेच आजार आहेत. त्यामुळे 'बूस्ट' हा शब्दच मला खटकतो. फायरवॉल इतकी कडक केली की आपलाच ट्रॅफिक अडायला लागला, तर त्याला कोणी सुरक्षा म्हणेल का?

आता शिष्य.

हाफकिनने पॅरिसमध्ये कॉलऱ्याची लस बनवली आणि १८ जुलै १८९२ ला पहिली सुई स्वतःलाच टोचली. १८९३ मध्ये तो भारतात आला, उत्तर भारतात आणि कलकत्त्यात लस देत फिरला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठींचा प्लेग सापडला. काखेत, जांघेत गाठ, ताप, आणि काही दिवसांत खेळ खलास. माणसं शहर सोडून पळत होती, सरकार गटारं धूत होतं. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत पोहोचला. त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काम करायला मिळाली एक खोली आणि एक कॉरिडॉर.

आणि इथे येतं तूप. माझ्या मते या एपिसोडमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच. प्लेगचे जंतू मांसाच्या पाण्यात वाढवायचे होते, पण ते नीट वाढेनात. हाफकिनने त्या पाण्यावर तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या तवंगाला धरून जंतू खाली लोंबकळत वाढायला लागले, गुहेतल्या छताला चुनखडीचे सुळके लटकतात तसे. चंबू हलवला की ते खाली पडायचे, परत नवीन फुटायचे. भरपूर जंतू तयार झाले की तास-तासभर गरम करून मारायचे, वर थोडं कार्बोलिक आम्ल, आणि झाली लस. तुपाने प्रतिकारशक्ती वाढते असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावतो, फक्त तूप चंबूत होतं, ताटात नव्हतं!

१० जानेवारी १८९७ ला त्याने ती लस स्वतःला टोचून घेतली, तीही नंतर लोकांना दिली त्याच्या कितीतरी पट. ताप आला, हात दुखला, तो कामाला येत राहिला. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. आता तुरुंगातल्या माणसाची 'तयारी' कितपत मोकळी असते हा प्रश्न आज आपण विचारूच, आणि विचारलाच पाहिजे. आकडे मात्र असे होते : लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ गेले. घेतलेल्यांत २ जणांना झाला, मृत्यू एकही नाही.

त्याच साथीत, हाफकिनने लस टोचून घेतली त्याला बरोबर दोन महिने झाले त्या दिवशी, १० मार्च १८९७ ला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं, ही गोष्ट फक्त परदेशी शास्त्रज्ञांची नाही.

लोक लसीला घाबरत होते, अफवा होत्या. तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, स्वतःचा बंगला प्रयोगशाळेला दिला. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली, आणि १९२५ मध्ये तिला हाफकिनचं नाव मिळालं. तेच हाफकिन इन्स्टिट्यूट. तोपर्यंत इथून लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. मधल्या काळात हाफकिनवर फार अन्याय झाला. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी एका बाटलीतल्या लसीने १९ लोक धनुर्वाताने दगावले, दोष त्याच्या प्रयोगशाळेवर आला, नोकरी गेली. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. त्यावर कधीतरी वेगळा एपिसोड करू.

एक मुद्दा राहायला नको. लस म्हणजे 'बाहेरचं', आणि काढा म्हणजे 'नैसर्गिक', अशी वाटणी आपण करतो. पण हाफकिनच्या बाटलीत होते मेलेले जंतू. लढायचं काम कोण करतं? तुमच्याच पेशी, त्याच मेसिनाच्या पहारेकऱ्यांच्या जातीच्या. लस फक्त चोराचा फोटो आधी दाखवून ठेवते. आवळा, हळद, दही, यांतलं काहीही प्लेगच्या जंतूचा फोटो दाखवू शकत नाही. पहारेकऱ्याला पोटभर जेवायला घालणं आणि चोर ओळखायला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आणि जेवायला घालण्याचं काय? त्याची गोष्टसुद्धा परळच्याच आवारातली निघाली, म्हणून तर मी हा एपिसोड करायला घेतला.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करायला. विषय : गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका. त्यांना एक भयंकर ॲनिमिया होत होता. रक्तातल्या लाल पेशी कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. कितीतरी जणी त्यात दगावत. लूसीने आधी जंतू शोधले. सापडले नाहीत. मग ती त्या बायका काय खातात ते बघायला लागली. ताटात पालेभाजी नाही, फळ नाही, दूध जेमतेम. तिने उंदरांवर, माकडांवर तसाच आहार देऊन पाहिला. आजारी माकडाला मार्माइट दिलं आणि ते बरं झालं. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट अर्क. ब्रिटनमध्ये लोक पावाला लावून खातात. लिव्हरच्या महागड्या औषधापेक्षा कितीतरी स्वस्त. बायकांना दिलं, त्याही बऱ्या व्हायला लागल्या. १९३१ मध्ये तिने हे छापलं. त्यातलं नेमकं काय काम करतं हे तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणायचे. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड. आज गरोदरपणात डॉक्टर जी गोळी लिहून देतात ना, तीच ही.

शरीरात नवीन पेशी बनायला फॉलिक ॲसिड लागतं, लाल पेशींना लागतं तसंच पांढऱ्यांनाही. मिळतं कुठून? पालेभाज्या, मूग, चवळी, हरभरा. म्हणजे आजीच्या ताटातूनच. पण त्या गिरणी कामगार बायकांच्या ताटात ते नव्हतं, कारण परवडत नव्हतं. 'डाएट आणि लाइफस्टाइल' हे शब्द आपण वापरतो तेव्हा जणू ती प्रत्येकाची वैयक्तिक निवड असते. परळच्या चाळीत ती निवड नव्हती. अजूनही सगळीकडे नाहीये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना ॲनिमिया निघाला. निम्म्याहून जास्त. 

अशीच अजून एक गोष्ट, पटकन सांगतो. इंडोनेशिया. आल्फ्रेड सॉमर हा डोळ्यांचा डॉक्टर रातांधळेपणा अभ्यासत होता. त्याच्या लक्षात आलं की रातांधळी मुलं इतरांपेक्षा जास्त मरतायत, तीही जुलाब, गोवर, न्यूमोनियासारख्या आजारांनी. मग सुमात्रा बेटावरच्या आचे प्रांतातली ४५० गावं, सुमारे २६ हजार लहान मुलं. अर्ध्या गावांत सहा महिन्यांच्या अंतराने 'अ' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल दिल्या. १९८६ मध्ये निकाल आला : कॅप्सूल दिलेल्या गावांत मुलांचे मृत्यू ३४ टक्के कमी. काही पैशांची कॅप्सूल! आपल्या अंगणवाडीत मुलांना जो 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देतात, तो उगाच नाही.

पण हा चमत्कार तिथेच होतो जिथे कमतरता आहे. मशीनला रॅम कमी पडत असेल तर वाढवल्याबरोबर फरक दिसतो. आधीच निम्मी रॅम रिकामी पडलेली असेल तर आणखी घालून ॲप पळत नाही. उलट 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वं शरीरात साठतात, प्रमाणाबाहेर घेतली तर विषारी ठरतात. 'क' जीवनसत्त्वाचंही तसंच. लायनस पॉलिंग, दोन नोबेल मिळवलेला माणूस, १९७० मध्ये पुस्तक लिहून सांगत होता की मोठ्या डोसने सर्दी होत नाही. नंतरच्या बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर रोज गोळी घेऊनही सर्वसाधारण माणसाच्या सर्दीची संख्या कमी होत नाही, सर्दी किंचित लवकर बरी होते इतकंच. फायदा दिसला तो मॅरेथॉन धावणारे, बर्फात स्कीइंग करणारे, थंडीत सराव करणारे सैनिक यांना. एखाद-दोन नोबेलनंतर माणसाला आहारावर बोलायची हुक्की येते की काय, कोण जाणे.

मग तुमच्या-आमच्यासारख्यांना, ज्यांच्या ताटात वरण, भाजी, दही बऱ्यापैकी असतं, त्यांना कमतरता कशाची? मला सापडलेलं सगळ्यात स्पष्ट उत्तर आपल्या आवडीचं नाही. अमेरिकेत १६४ निरोगी लोकांची आठवडाभराची झोप मनगटावर यंत्र लावून मोजली, आणि मग त्यांच्या नाकात चक्क सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. २०१५ मध्ये छापलेला निकाल : जे सहा तासांहून कमी झोपत होते, त्यांना सर्दी व्हायची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट. सगळ्यांच्या नाकात विषाणू तोच होता.

नाइट शिफ्टवाले, रात्री रिलीज करणारे, एक वाजता 'शेवटचा एक एपिसोड' बघणारे, सगळे ऐकताय ना? याचं बाटलीत भरून काही विकता येत नाही, म्हणून याची जाहिरात लागत नाही.

जाता जाता एक राहिलं. मेचनिकोव्हने मरण्याआधी सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं की माझं शवविच्छेदन कर, आणि आतडी नीट बघ. शेवटपर्यंत त्याला उत्तर हवं होतं. त्याचा अस्थिकलश आजही पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे. त्याच संस्थेच्या ग्रंथालयात, जिथे कधीकाळी हाफकिन सहायक ग्रंथपाल होता.

पुढच्या एपिसोडमध्ये मुल्कोवालची ती बाटली. तोपर्यंत नमस्कार.